वहिनीचं ‘डू नॉट’ आणि ‘डोन्ट’

आमच्या वहिनीला इंग्रजी येत नव्हतं असं कुणी म्हणलं तर मी भांडीन. येत होतं. लई येत होतं. इतकं पूर्ण येत होतं की समोरचा ऐकून दमायचा. मी परातीपाशी बसून विचारायचे, “वयनी, आर यू हंग्री?” आणि ती तव्यावरची भाकर उलटत म्हणायची, “नो. आय ॲम नॉट हंग्री. आय डू नॉट वॉन्ट टू ईट नाऊ.” एकेक शब्द सुटा, पाखडून निवडून ठेवल्यासारखा.

“वयनी, कोर्टात शपथ घ्यायलीस का तू?” मी म्हणायचे. “भूक न्हाई, एवढंच सांगायचं हाय.”

“मग एवढंच सांगितलं की.”

“आयम नॉट हंग्री म्हण.”

“ते अर्धं झालं, ताई.”

या अर्ध्यावरून त्या जूनमधी आमची रोज भांडणं व्हायची. म्हणजे भांडणं मीच करायचे, ती हसायची आणि पुढची भाकर थापायची.

थांबा, आधी घर सांगते, न्हाईतर गोंधळ होईल. दिंद्रुडला रस्त्यावर आमचं किराणा दुकान आणि मागं घर. दुकानात आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि दादा. घरात आई, वहिनी आणि वहिनीची पाच वर्षांची लेक, माझी भाची. मी माजलगावला कॉलेजात, पण परीक्षा संपलेली, पुढचं वर्ष सुरू व्हायचं होतं, त्यामुळं पूर्ण रिकामी. मोबाईलवर इंग्रजी बोलायचे व्हिडिओ बघून बघून माझं डोकं भरून वाहायलं होतं आणि ते कुणाच्या तरी डोक्यात ओतल्याशिवाय मला झोप येत नव्हती.

वहिनी लिंबागणेशची. लग्नाआधीच डी.एड. झालेली. सरकारी भरतीची वाट बघितली, मग लग्न झालं, मग भरतीची वाट बघितली, मग लेक झाली, मग परत वाट. एक दिवस दादाच्या मित्राकडून कळलं की माजलगावच्या एका इंग्रजी शाळेतली इंग्रजीची बाई शाळा सुरू होताच सोडून गेली. वहिनीनं अर्ज दिला. शाळेचा फोन आला: पाचवीच्या वर्गावर एक तास शिकवून दाखवा. डेमो. विषय पण त्यांनीच दिला, कॉन्ट्रॅक्शन्स. म्हणजे डू नॉटचं डोन्ट, शी इजचं शीज, असले जोडून आखडलेले शब्द. मी तर उडीच मारली. माझाच विषय!

आप्पांनी हरकत घेतली नाही. माझे आप्पा वाईट माणूस नाहीत, हे आधीच लिहून ठेवते. ते जेवताना आईला म्हणाले, “जाऊ दे एकबार. झालं तर झालं. न्हाई झालं तर दुकानाच्या मागं मिरची कुटायचा डंक टाकून देऊ तिला. आख्ख्या गावाला मिरची कुटून आणायला लांब जावं लागतंय. घरच्या घरी काम, लेकराकडं बी ध्यान.” आणि जेवण झाल्यावर खरंच मागं जाऊन पावलांनी जागा मोजून आले. त्यांना वाटलं सुनेचं भलं करायलोय.

वहिनीनं ते ऐकलं. भांडी घासताना मला हळूच म्हणाली, “ताई, मला डंकावर न्हाई बसायचं.”

“मग सांग की आप्पांना.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं काही मी तिला विमान चालव म्हणलं.

कारण वहिनी आप्पांशी बोलत नाही. भांडण नाही, राग नाही, काही नाही. पद्धत. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते, पण त्याच्याशी थेट बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि बोलणं मधल्या माणसाच्या तोंडून. मधलं माणूस म्हणजे भाची. आप्पा उंबऱ्यात उभे असतात, वहिनी चुलीपाशी, मधी चार हातांचं अंतर, आणि वहिनी लेकीला म्हणते, “बाळा, आजोबाला म्हणावं, जेवायला बसा.” भाची मान वळवून ओरडते, “आजोबा, जेवायला बसा!” आप्पांनी पहिलं ऐकलेलंच असतं, पण ते दुसऱ्याची वाट बघतात. मग म्हणतात, “मायला म्हणावं, आलो हात धुऊन.” लेकरू लहान होतं, बोलत नव्हतं, तेव्हा पण हेच चालायचं. पाळण्यातल्या पोरीला सांगायचे! आणि ती घरात नसली की मांजर. “मने, चहा गार व्हायला म्हणावं.” मी हसून लोळायचे. पण घरात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मला सुद्धा आतापर्यंत ते घरातल्या खिडकीसारखं वाटायचं, होतं म्हणून होतं.

असो. डेमोला आठ दिवस होते.

नियम वहिनीला पाठ होते. कोणतं अक्षर गळतं, कुठं ती वरची छोटी खूण द्यायची, ॲपॉस्ट्रॉफी, सगळं. लिहायला दिलं तर एक चूक नाही. पण तोंडानं म्हण म्हणलं की पाटी कोरी. परत डू नॉट. परत आय विल नॉट. मी म्हणायचे, “अगं, तुला येतंय, मग बोलत कावून न्हाईस?” आणि ती वही मिटून उठायची.

तिसऱ्या दिवशी मी चिडलेच. दुपारी आई झोपलेली, आम्ही दोघी शेंगा फोडत बसलोतो. म्हणलं, “वयनी, तू त्या पोरांपुढं असं बोललीस ना तर ती हसतील. ती शाळेत रोज डोन्ट, कान्ट करत्यात.”

“हसू द्या.”

“अगं पण कावून?”

मग तिनं सांगितलं. शेंगा फोडणं न थांबवता, खाली बघूनच. डी.एड.ला ती शहरात होती. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, काल का आली नाहीस. ही म्हणाली, “मॅडम, गावाकडं गेलते.” वर्ग हसला. बाई पण हसल्या. म्हणाल्या, गेलते काय गं, गेले होते म्हण, पूर्ण बोल, उद्या लेकरांना असंच शिकवशील का? पुढं वर्षभर पोरी तिला ‘गेलते’ म्हणूनच हाक मारायच्या. ए गेलते, डबा आणलास का.

“तवापासून मी पूर्णच बोलते,” वहिनी म्हणाली. “बाहेरच्या माणसापुढं तर मराठी बी पूर्ण. अर्धं तोडलं की गावठी वाटतं, ताई. आन् तुमी मला इंग्रजी तोडून बोल म्हणायलाव.”

एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी शेंगांचं सूपच पालथं केलं गडबडीत.

“वयनी! गेले होतेचं गेलते! अगं हेच तर हाय कॉन्ट्रॅक्शन!”

“काय?”

“गेले होते. मधलं गेलं, दोन्ही शब्द चिकटले. गेलते! डू नॉट, डोन्ट. काय फरक हाय सांग. त्यांचं केलं की व्याकरणाच्या पुस्तकात धडा, आन् आपलं केलं की गावठी? राणीच्या गावचे लोक बी आपल्यासारखेच शब्द गिळत्यात, कारण घरात बोलायला एवढा टाईम कुणाला हाय?”

वहिनी शेंगा गोळा करत होती. थांबली. ओठातल्या ओठात काहीतरी म्हणून बघितलं. मग म्हणाली, “आलते. केलतं. बसलते.” आणि हसायला लागली. “अवो ताई, मग तर आपण सकाळपासून कॉन्ट्रॅक्शनच करायलोय.”

त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात दुसरा उद्योग नव्हता. आम्ही दोघी आपल्या बोलण्यातले आखडलेले शब्द पकडत फिरायचो. दुकानातलं गिऱ्हाईक बोललं की पडद्यामागं वहिनी मला चिमटा काढायची, “ते बगा, म्हणलतो म्हणले!” तिनं मला अडवलं पण. म्हणाली, विल नॉटचं विलन्ट व्हायला पाहिजे, वोन्ट कसं होतंय? तो ओ कुठून आला? मी व्हिडिओवाल्यांना विचारलं, म्हणजे कमेंट टाकली, कुणी उत्तर दिलं नाही. तिनंच दुसऱ्या दिवशी भाकरी करता करता सांगितलं, “का म्हणून, त्याचं झालं कामून, त्याचं झालं कावून. त्यात व कुठून आला? बोलता बोलता आला. तसंच आसंल.” मी म्हणलं, वयनी, तू तर प्रोफेसर हायस.

आणि ती खूण. ॲपॉस्ट्रॉफी पोरांना कशी समजवायची यावर आम्ही लई डोकं खाल्लं. शेवटी वहिनीलाच सुचलं: एसटीचा रुमाल. गाडी फलाटावर लागली की आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. माणूस खाली आहे, पण जागा त्याची. गळालेलं अक्षर म्हणजे खाली राहिलेलं माणूस, आणि ही खूण म्हणजे त्याचा रुमाल. मी म्हणलं, ह्याच्यापुढं कुठलाच व्हिडिओ चालत नाही.

एवढं सगळं झालं तरी एक गोष्ट राहिलतीच. आवाज. घरात वहिनीचा आवाज चुलीच्या पुढं जातच नाही. मी तिला गच्चीवर नेलं, मी एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. “बोल!” तिनं सुरू केलं, छान चाललंतं, तेवढ्यात खालून आप्पा खोकले. वहिनी वाक्याच्या मधीच बंद. नळ बंद करावा तशी. हात आपोआप पदराकडं.

“ते खाली हायत वयनी, तू वर हायस.”

“ऐकू जातंय की.”

“मग जाऊ दे की!”

“तुमी लेक हाव, ताई,” ती म्हणाली. बास, एवढंच.

डेमोच्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी निघालो. भाची आईकडं. वहिनीनं लग्नातली नाही, पण चांगली निळी साडी नेसलेली, पदर खांद्यावर नीट पिन लावून, शाळेतल्या बाया लावतात तसा. रस्ताभर ती खिडकीकडं तोंड करून पुटपुटत होती, कान्ट, वोन्ट, डझन्ट. शेजारच्या म्हातारीनं मला विचारलं, “काय गं, काय झालंय हिला? देवाचं म्हणायली का?” म्हणलं, हो आजी, नवस हाय.

शाळा तीन मजली, रंगवलेली. प्राचार्या मॅडम चष्मा डोक्यावर ठेवलेल्या, तुरतुर चालणाऱ्या, पण बोलायला बऱ्या. मला म्हणाल्या, तू पण बस मागं, आवाज नको. मी शेवटच्या बाकावर एका जाड्या पोराशेजारी बसले. वहिनी फळ्यापाशी उभी राहिली. खडू हातात घेतला. किती वर्षांनी! मला लांबून दिसलं, तिनं खडू बोटांत एकदा फिरवून बघितला. मग सरळ उभी राहिली आणि मोठ्या आवाजात, खरंच मोठ्या, म्हणाली, “गुड मॉर्निंग, चिल्ड्रन!”

पोरं उठून ओरडली. आणि तेवढ्यात दार उघडून शाळेच्या कमिटीचे एक जण आत आले. पांढरा शर्ट, कपाळाला भस्म. प्राचार्या मॅडम उठून उभ्या राहिल्या.

ते मोठे आप्पा होते. आप्पांचे थोरले चुलत भाऊ. माजलगावात सिमेंट-पत्र्याचं दुकान. शाळेच्या कमिटीवर कधी आले ते आम्हाला माहीतच नव्हतं, त्यांना पण डेमोला कोण येणार ते माहीत नसावं, कारण वहिनीला बघून ते दारातच थबकले. म्हणजे वहिनीसाठी सासऱ्याच्या वरचे सासरे. लग्नापासून कार्यक्रमाला घरी येतात, वहिनी पदर घेऊन पाया पडते आणि आत जाते. एक शब्द बोललेली नाही. त्यांनी पण कधी तिच्याकडं मान वर करून बघितलं नाही. आता ते बिचारे खुर्चीवर बसून पंख्याकडं बघायले.

आणि वहिनी बंद. गच्चीवर झालती तशीच. हात उठला, पदर ओढला, डोक्यावर घेतला. जोरात ओढल्यानं खांद्यावरची पिन सुटून टणकन फरशीवर पडली. वर्गात इतकं शांत की ती पिन मला शेवटच्या बाकावर ऐकू आली. मॅडमनी घड्याळाकडं बघितलं. मला ओरडावं वाटत होतं, वयनी, बोल गं, न्हाईतर मिरची! पण आवाज नको म्हणलंतं.

पहिल्या बाकावरचं एक पोरगं वाकलं, पिन उचलली आणि हात पुढं केला. “मॅम, युवर पिन.”

वहिनीनं पिन घेतली. त्या पोराकडं बघितलं. आणि मग ती वाकली, त्याच्या कानापाशी, जशी घरी भाचीच्या कानापाशी वाकते अगदी तशी, आणि काहीतरी म्हणाली. मला ओठ दिसले, आवाज नाही. पोरगं बुचकळ्यात पडलं. तिनं शेजारच्या पोरीकडं बोट केलं. पोरगं तिच्या कानात बोललं. तिनं तिच्या शेजारचीच्या. वहिनीनं हातानं खूण केली, लवकर, लवकर, पुढं, पुढं. पोरांना खेळच सापडला. कानातून कानात, बाकावरून बाकावर, फिदीफिदी हसत निरोप निघाला. भिंतीपाशी शेवटची पोरगी उभी राहून ओरडली, “आय डोन्ट हॅव माय बॅग!”

वहिनीनं फळ्यावर तिचं वाक्य लिहिलं. मग पहिल्या पोराला खुणावलं, तू काय ऐकलंस ते सांग. तो म्हणाला, “मॅम सेड, आय डू नॉट हॅव माय बॅग.” तेही लिहिलं. एक वर, एक खाली. आणि हात झाडून उभी राहिली.

पोरंच बोलायला लागली. “शी चेंज्ड इट!” “नो, सेम थिंग!” “डू नॉट लाँग आहे ना, म्हणून!” माझ्या शेजारचा जाड्या तर बाकावर चढला.

दुसरा निरोप तिनं दोन रांगांना एकदमच दिला, दोन कानांत. शी इज नॉट इन द क्लास. एका रांगेतून निघालं, शीज नॉट इन द क्लास. दुसरीतून, शी इजन्ट इन द क्लास. झालं! दोन रांगा एकमेकींवर तुटून पडल्या. यू आर राँग, नो, युवर राँग, तुमच्या रांगेत तो बहिरा आहे मॅम! वहिनीनं दोन्ही वाक्यं लिहिली आणि दोन्हींपुढं बरोबरची खूण केली. वर्गभर, ओऽऽ.

आता ती विसरली होती. मला दिसत होतं ना. पदर डोक्यावरच होता, पण ती विसरली होती. तिनं कागदावर मोठी अक्षरं काढून आणलेली, ती पोरांच्या हातात देऊन त्यांना ओळीनं उभं केलं, आणि नॉटमधला ओ धरलेल्या पोरीला म्हणाली, “यू गो. गो आउट.” पोरगी निघाली तर म्हणाली, “वेट! रुमाल दे. जागा सोडून चालली का?” सगळा वर्ग ऐकेल एवढ्या आवाजात. त्या पोरीनं शेजारच्या पोराच्या खांद्यावर रुमाल टाकला. “एसटीत टाकता न्हवं? तसंच. माणूस गेलंय, जागा त्याचीच हाय.”

आहे नव्हे, हाय म्हणाली. इंग्रजी शाळेत, मॅडमपुढं. पोरं खिदळली, पण त्या हसण्यात टोमणा नव्हता. अर्धी पोरं आसपासच्या गावांतून व्हॅननं येणारी, त्यांच्या घरी हायच आहे. वहिनीनं एक क्षण थांबून बघितलं, आणि दुरुस्त केलं नाही. पुढं गेली. एका पोरीनं वोन्टचं विचारलं तेव्हा तिनं फळ्यावर मराठीत का म्हणून, कामून, कावून लिहिलं आणि विचारलं, “हे कुणी केलं? सरकारनं का?” “आम्हीऽऽ!” “मग वोन्ट बी असंच. बोलणाऱ्यांनी केलं.”

मी मोठ्या आप्पांकडं बघितलं. ते पंख्याकडं बघत नव्हते. फळ्याकडं बघायले होते.

घंटा झाली. आम्हाला व्हरांड्यात थांबायला सांगितलं. वहिनीनं पाणी पिताना अर्धं साडीवर सांडलं. “ताई, काय माहीत मी काय केलं. त्यांच्यापुढं ओरडले का मी?” म्हणलं, लई ओरडलीस. तिनं तोंडावर हात ठेवला.

मॅडम बाहेर आल्या, मागं मोठे आप्पा. ते आमच्यापासून बरेच लांब थांबले, खांबापाशी, आणि मला म्हणाले, “काय गं, कधी आलाव? आप्पा बरा हाय का?” मी म्हणलं बरे हायत. मग म्हणाले, “तुझ्या वयनीला म्हणावं, चांगलं शिकवलं.”

वहिनी माझ्या शेजारीच उभी! मी मान वळवली. तिनं खाली बघत मला सांगितलं, “म्हणावं, तुमचा आशीर्वाद.”

मॅडम आमच्या तिघांकडं बघत होत्या. एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं, मधी माझ्याकडं. चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. “एक मिनिट. तुम्ही नातेवाईक आहात हे कळलं मला. तास मला आवडला. सगळ्यांत चांगला झाला. पण बाई, इथं दर शनिवारी मीटिंग असते. हे असतात. पालक असतात, त्यांत म्हातारे असतात, तुमच्या गावचे असतात. पोराच्या कानात सांगून ते चालणार नाही. बोलाल का? ते सांगा, मग मी पुढचं बघते.”

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. सवयीनं. मला कळलं, तिला वाटतंय मी सांगावं, हो, बोलेल म्हणून. माझ्या जिभेवर आलंतं. लई कष्टानं गिळलं. मी तोंड फिरवून ग्राउंडकडं बघायला लागले. तिथं काहीच नव्हतं, नुसती घसरगुंडी.

मग माझ्या शेजारून आवाज आला. कोर्टातला नाही, गच्चीवरचा नाही. घरात माझ्याशी बोलते तो.

“मामा, मी सोमवारपासून येते.”

मोठ्या आप्पांची मान एकदम वर झाली. वहिनीचा पदर डोक्यावर होता, पण नजर समोर होती. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “बरं म्हणावं.”

“या मग सोमवारी,” मॅडम म्हणाल्या, त्यांना हसू आवरेना. मला तर नाहीच आवरलं. वहिनी मात्र हसली नाही. गंभीरपणे म्हणाली, “ऐकलं मामा.”

गाडीत मी एक सेकंद गप्प बसले नाही. घरी कसं सांगायचं, आधी दादाला फोन करू का, का आईला, का डायरेक्ट दुकानात घुसून ओरडू, का भाचीला शिकवून तिच्याकडनं आप्पांना म्हणवू. वहिनीनं बरंच ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुमी कुणाला काय सांगू नका.”

घरी पोचलो तर दादा माल आणायला गेलता. आप्पा एकटेच दुकानात, साखर पुड्यांत भरत होते. नेहमी वहिनी बाजूच्या बोळानं मागच्या दारानं आत जाते. त्या दिवशी ती दुकानाच्या पायऱ्यांपाशी थांबली. मी बोळाच्या तोंडाशी. आजूबाजूला ना भाची, ना मांजर.

“मामा,” ती म्हणाली, “काम झालं माझं. शाळेत.”

आप्पांच्या हातातलं माप तसंच राहिलं. साखर सांडत होती, ते त्यांच्या ध्यानातच नव्हतं. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, खरंच कुणाला तरी शोधत होते, सांगायला. कुणी सापडेना. मला बघितलं असतं, पण मी भिंतीमागं सरकले. मग त्यांनी सांडलेली साखर हातानं एका जागी गोळा केली, लई सावकाश, आणि त्या साखरेकडं बघतच विचारलं,

“डबा किती वाजता लागंल?”

“सातची एसटी हाय,” वहिनी म्हणाली.

“सातची कशाला?” आप्पा म्हणाले. “लई गर्दी असती तिला. मी सोडीन की माझ्या फटफटीवर.”